बिनआवाजाचा मुराळी

मैत्रेयी, सम्यक,

गारखेड्याच्या चौकात हुरडेवाला बसायला लागला की पूर्वी मला फक्त भूक लागायची. गोवऱ्यांच्या आरात खुपसलेली ज्वारीची हिरवी कणसं, तळहातावर चोळून काढलेले गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. थंडी आली हे मला कॅलेंडरनं कधी सांगितलं नाही, या वासानं सांगितलं. काल संध्याकाळी तो वास पुन्हा आला आणि भुकेच्या आधी रस्ता आठवला. मी तिथंच थांबून मनातल्या मनात जिंतूर ते जालना असा हिशेब करायला लागले. हुरडेवाला म्हणाला, "आजी, घेता का नुसताच वास?" घेतला. घरी येईपर्यंत तो गार झाला होता आणि माझा हिशेब काही जमला नव्हता.

तुम्ही दोघं तिकडे इतक्या लांबच्या रस्त्यांवरून फिरता की आमच्या या चारशे किलोमीटरचं तुम्हांला हसू येईल. तुमचे बाबा सांगतात, तिकडे गाडीच स्वतः सांगते की आता इथं थांब, इतका वेळ चार्ज कर, कॉफी घे. आमची गाडीसुद्धा सांगते. पण ती सांगते तिथं कधी वीज नसते, कधी कुलूप असतं, आणि कधी वॉचमन जेवायला गेलेला असतो.

ही गाडी तुमच्या आजोबांनी घेतली. चिकलठाण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे नवं यंत्र दिसलं की ते लहान होतात. जुनी डिझेलची गाडी त्यांनी जड मनानं दिली. नवी आली त्या दिवशी मात्र बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत उभे होते. मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाले, "काहीच नाही. त्याचीच गंमत आहे." ती अंगणात मांजरासारखी येते आणि मांजरासारखी जाते. औरंगपुऱ्यात भाजीला नेली की लोक बाजूला होत नाहीत, कारण मागं गाडी आहे हे त्यांना कळतच नाही.

जुन्या गाडीचा डिझेलचा काटा मोघम होता. तो खाली आला की आजोबा म्हणायचे, "अजून आहे." किती आहे हे त्यांनाही ठाऊक नसायचं, आणि म्हणूनच आम्ही निवांत असायचो. नव्या गाडीत टक्के दिसतात. आकडा समोर असला की तिकडे न बघणं मला जमत नाही. वर्गात एखादा मुलगा सतत हात वर करून बसावा तसा तो आकडा माझ्याकडे बघत असतो. उतारावर कधी एखादा टक्का परत मिळतो, तेव्हा मला इतका आनंद होतो की माझीच मला लाज वाटते.

घरातल्या प्रवासाचं नियोजन पहिल्यापासून माझ्याकडे. पाणी, औषधं, नॅपकिन, जास्तीचा चष्मा, कोणाला कधी फोन करायचा, सगळं. गाडी बदलेपर्यंत नियोजन म्हणजे काय काय घ्यायचं एवढाच प्रश्न होता. आता प्रश्न बदलला. आता कुठं थांबायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठिकाण तुम्ही पोहोचेपर्यंत चालू राहील यावर विश्वास ठेवावा लागतो. मला याची सवय नाही. मी विश्वास ठेवते तो खात्री केल्यावर.

आता आक्कांबद्दल सांगते, कारण गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत आम्ही निघालो ते त्यांच्यासाठी.

आक्का म्हणजे आजोबांच्या मोठ्या बहीण. तुम्ही त्यांना एकदाच भेटलात, आणि सम्यक, तू त्यांच्या मांडीवर बसून त्यांचं कुंकू नसलेलं कपाळ पुसून बघितलं होतंस. त्या किनवटच्या पुढं एका लहान गावात राहतात. तिथं सागाचं जंगल सुरू होतं, बाजारात अर्धे लोक तेलुगू बोलतात. आजोबांची आई लवकर गेली, त्यामुळे त्यांना कडेवर घेऊन वाढवलं ते आक्कांनी. अजूनही त्या त्यांना बाबू म्हणतात. मला मास्तरीण म्हणतात. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं याचं त्यांना कौतुकही आहे आणि थोडी चेष्टाही.

दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत, कापसाची वेचणी आटोपली की, आजोबा आक्कांना आणायला जातात. सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक निघत नाही. माझ्या सासऱ्यांच्या पिढीनं बाबासाहेबांचं ऐकून देव्हारा उचलला, नवस सोडले, उपास सोडले. मुराळी मात्र राहिला. मी एकदा आक्कांना यावरून छेडलं होतं. त्या म्हणाल्या, "देव सोडला, माहेर कुठं सोडलं?"

गेल्या वर्षी आक्कांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरले होते. त्यांना उजेड कळायचा, माणूस कळत नव्हता. चुलीजवळ एकदा हात भाजला, एकदा गोठ्याच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. त्यांचा मुलगा दीपक दवाखान्याचं नाव काढून थकला. आक्कांचं एकच म्हणणं: डोळा करायचा तर माहेरी, आणि माहेरी यायचं तर बाबू न्यायला आला पाहिजे. किनवटहून आपल्याकडं थेट रेल्वे येते; तुमचे बाबा फोनवर म्हणालेच, आई, दीपक तिला डब्यात बसवून देईल. पण गुडघ्यांमुळे आक्कांना डब्याची पायरी चढवत नाही, आणि चढवली असती तरी त्या आल्या नसत्या. इथल्या डॉक्टरांनी दिवस दिला. दीपकनं फोनवर मला हळूच सांगितलं, "मामी, या खेपेला हुकलं तर ती परत तयार व्हायची नाय. ती म्हणती, नशिबात नव्हतं. अन् तिचं नशीब एकदा ठरलं की आमचं कुणाचं चालत नाय."

म्हणून मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले. आजोबा म्हणत होते की फोनमध्ये सगळं दिसतं. मला कागदावर दिसावं लागतं. जालन्यात चार्जर होते, नांदेडात होते. मध्ये जिंतूरच्या अलीकडं रस्त्याकाठच्या एका हॉटेलात एक होता. नांदेडच्या पुढं भोकर, हिमायतनगर, किनवट, तिथं तेव्हा काहीच नव्हतं. दीपकच्या घरी कूलरसाठी मोठा पॉइंट होता, त्यावर रात्रभरात हळूहळू गाडी भरेल असं आजोबा म्हणाले. राहता राहिलं जिंतूरजवळचं हॉटेल. ॲपवर त्या चार्जरखाली अनोळखी लोकांनी शेरे लिहिले होते. एकानं लिहिलं होतं, उत्तम. दुसऱ्यानं, बंद. तिसऱ्यानं, चालू आहे पण वॉचमनला उठवावं लागतं. मी इतकी वर्षं पेपर तपासले, पण एकाच उत्तराला तीन परीक्षकांनी इतके वेगळे गुण दिलेले पाहिले नव्हते. मी त्या हॉटेलला रोज फोन करायला लागले. शेवटी तिथला माणूस माझा आवाज ओळखून "चालू आहे मॅडम" म्हणून फोन ठेवायचा.

जाताना सगळं ठरल्याप्रमाणं झालं, आणि तरीही मला त्यातला आनंद आठवत नाही. आठवतो तो गारठा. हीटर लावला की टक्के पळतात, म्हणून आम्ही तो लावला नाही. आजोबा कानटोपी घालून गाडी चालवत होते, मी पायांवर शाल घेऊन आकड्याकडे बघत होते. बाहेर काय सुंदर होतं ते नंतर आठवलं: तुरीच्या पिवळ्या फुलांचे पट्टे, करडईचे काटे, आणि ज्वारी, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सगळीकडे ज्वारी, कणसांवर दव. एका शेतात राखणीच्या माळ्यावर एक बाई उभी राहून पाखरांवर ओरडत होती. काच बंद असल्यामुळे तिचा आवाज आला नाही, फक्त उघडं तोंड दिसलं. त्या प्रवासात मी किती गोष्टी अशा बिनआवाजाच्या पाहिल्या.

नांदेडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आक्कांच्या अंगणात शिरलो. त्या बाजेवर बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून, गावाबाहेरच्या पुलाच्या दिशेला तोंड करून. जुनी गाडी पुलावर आली की तिचा आवाज त्यांना ओळखू यायचा. त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या, तांब्या भरून ठेवायच्या. मुराळी दारात येण्याआधी बहीण उभी पाहिजे. आता गाडी पूल ओलांडून, वळसा घेऊन त्यांच्या मागे दहा पावलांवर येऊन थांबली होती आणि त्या पुलाकडे कान लावून बसल्या होत्या. आजोबा खाली उतरले. त्यांनाही काय करावं सुचेना. मग त्यांनी हाक मारली, "आक्का."

त्या इतक्या दचकल्या की मला वाटलं पडतात. मग कळल्यावर रागावल्या. "चोरासारखा आला व्हय रे? मुराळी आला अन् मला ठावं नाय?"

आजोबा गाडीची बाजू घ्यायला लागले, की इंजिनच नाही, धूर नाही. आक्का म्हणाल्या, "धूर नसंना का. आवाज तरी द्यायचा." संध्याकाळपर्यंत त्या धुसफुसत होत्या. मला पहिल्यांदाच उमगलं की ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी ही गाडी आलीच नव्हती.

मुराळ्याला पुरणपोळी घातल्याशिवाय पाठवत नाहीत, ती घातली. गाडी कूलरच्या पॉइंटवर भरून झाली. मी नियोजनात सगळं धरलं होतं, वळणं, चढ, थंडी. एक धरलं नव्हतं. सकाळी बाहेर येऊन बघते तर दीपक डिकीत ज्वारीचं पोतं ठेवत होता. त्यावर तुरीची डाळ, दोन भोपळे, चारोळी, डिंक, बोरांची पिशवी. मी आक्कांना समजावलं की वजन वाढलं की गाडी कमी पळते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लेक रिकामी निघाली तर गाव काय म्हणंल, मास्तरीण?" आजोबांनी माझ्याकडे न बघता दुसरं पोतं उचललं. इतकी वर्षं आक्का येतात, इतकी वर्षं त्या भरल्या हातानं येतात, आणि घरातलं प्रत्येक वजन माहीत असलेल्या मला तेवढंच सुचलं नव्हतं. जुन्या गाडीत पोत्यांचं वजन कोणी विचारलं होतं?

नांदेडला पुन्हा मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी निघायचं आणि संध्याकाळी घरी पोहोचायचं, त्याच्या पुढच्या सकाळी ऑपरेशन, असं ठरलं होतं. आकडा माझ्या कागदावरच्या आकड्यापेक्षा लवकर उतरत होता, हे मला वसमतलाच दिसलं. जिंतूरजवळच्या त्या हॉटेलात पोहोचलो तेव्हा वॉचमन जागा होता, चार्जरही जागेवर होता. वीज नव्हती. लाईनवर काम चाललंय, संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले, कदाचित उद्या. रोज माझा फोन घेणारा माणूस बाहेर आला. त्यानं मला आवाजावरून ओळखलं आणि ओशाळला. त्याची काहीच चूक नव्हती. चार्जर चालूच होता.

जे टक्के उरले होते त्यात जालना येत नव्हतं. आजोबांनी दोनदा हिशेब केला, मी चारदा. दरवेळी तेच उत्तर. मागच्या सीटवरून आक्का म्हणाल्या, "थांबलो कामून?" सांगितल्यावर त्यांना काळजी वाटली नाही. उलट त्या खुलल्या. पुढं आपलं माणूस आहे म्हणाल्या, मंठ्याच्या अलीकडं, चुलतभाऊ. दारावरून जायचं अन् आत जायचं नाही, हे काय बरं दिसतं?

मी माझ्या कागदावर चार्जर मांडले होते. आक्कांनी त्याच रस्त्यावर माणसं मांडली होती. अमक्या गावी मावशीची लेक, तमक्या वळणावर आत्याचा दीर. आमच्या लहानपणी लांबचा प्रवास असाच व्हायचा. माणसं घरं बघून थांबायची, तहान बघून नाही. त्या क्षणी मला वाटलं की सुटलो. आम्ही हळू, फार हळू, बैलगाडीला लाजवेल अशा वेगानं निघालो. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत पुढं जात होते.

चुलतभावाच्या घराला कुलूप होतं. कुलूपही जुनं झालं होतं, त्याच्यावर गंज होता. अंगणात कडुनिंबाचा पाला कुणी झाडला नव्हता. शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली, ते पोराकडं पुण्याला गेले, दोन वर्षं झाली असतील. आजोबा परत आले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आक्कांना काय सांगायचं हे आम्हांला ठरवावं लागलं नाही. काच उघडी होती, त्यांनी ऐकलं होतं. "मला कुणी सांगितलंबी नाय," एवढंच म्हणाल्या.

मुलांनो, मी त्या बंद दाराचा नंतर पुष्कळ विचार केला. आक्कांचं जाळं विरत चाललं होतं आणि चार्जरचं अजून विणून झालं नव्हतं. पूर्वी निघालो असतो तर प्रत्येक गावात कोणी तरी असतं. आणखी काही वर्षांनी निघालो असतो तर प्रत्येक गावात वीज असती. आम्ही नेमके मधल्या दिवसांत, दोन पोती ज्वारी आणि एक न दिसणारी बाई घेऊन, निघालो होतो. तुमचे बाबा तिकडे गेले तेव्हा मला असंच काहीसं वाटलं होतं, पण तेव्हा त्याला शब्द नव्हते.

एवढ्यात आक्का पुन्हा बोलल्या. पुढच्या फाट्याला आत वळलं की शांताचं घर. शांता म्हणजे त्यांची मावसबहीण. ती मागेच वारली हे त्यांना माहीत होतं. पण सून असेल, आणि त्यांची पिठाची गिरणी होती, ती असेल तर मोठी वीज असेल. मला आता आशा करायची भीती वाटत होती. आकडा एक आकडी झाला होता.

गिरणीचा आवाज फाट्यावरूनच आला. मला आयुष्यात कुठलंही संगीत इतकं गोड लागलेलं नाही. पत्र्याच्या शेडसमोर बायकांचे डबे रांगेत मांडलेले होते. आत एक तिशीतली बाई, केसांवर, भुवयांवर पीठ. तिनं पट्टा थांबवला आणि विचारलं, कोण पाहिजे. आजोबा समजावू लागले. आक्का काच खाली करून म्हणाल्या, "मी किनवटची. तुझ्या सासूची मावसबहीण. तू संगीता ना?"

तिनं आक्कांना कधी पाहिलं नव्हतं. हात पुसत ती गाडीपाशी आली. "जयभीम मावशी. आत्याबाई लई नाव काढायच्या तुमचं." मग तिनं गाडीकडे पाहिलं, आमच्या हातातल्या केबलकडे पाहिलं, आणि ओशाळून म्हणाली की गिरणी चालू असताना दुसरं काही लावलं की दाब पडतो, मोटर जळेल. या बायका सकाळपासून बसल्यात. लाईट दुपारपुरतीच आहे. "तुमचा नंबर लावते," ती म्हणाली. आणि खरोखरच तिनं एक रिकामा डबा आणून रांगेच्या शेवटी ठेवला. तो डबा म्हणजे आमची गाडी.

एका बाईनं विचारलं, "गाडीला किती पायली दळायचं?" सगळ्या हसल्या. उद्याचं ऑपरेशन डोळ्यासमोर होतं, आणि तरीही मी त्या रांगेशी वाद घालू शकले नाही. मी स्वतः बँकेत, दवाखान्यात, पुढं घुसणाऱ्यांना मागं पाठवलेलं आहे. नंबर म्हणजे नंबर. मी डब्याशेजारी पायरीवर बसले. पिठाचा गरम वास येत होता. आक्कांना बाज दिली, कुणी तरी शेतातून हुरडा आणला, कुणी चहा. आक्का बोटांनी दाणे चाचपून बघत होत्या, कोवळा आहे का, आणि त्या बायकांना विचारत होत्या की कोणाची तू, कुठली तू. त्यांना कसलीच घाई नव्हती. घाई सगळी माझ्याकडे होती.

दोन डबे उरले होते तेव्हा ती पायलीचं विचारणारी बाई उठली. मावशींचा डोळा उद्या करायचा आहे हे तिनं आक्कांकडूनच काढून घेतलं होतं. तिनं स्वतःचा डबा उचलला, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला आणि आमचा पुढं सरकवला. "आज घरात भात खातील," ती म्हणाली. शेवटच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तेच केलं.

केबल लावली आणि तिच्यावरचा दिवा लाल झाला. गाडी वीज घेईना. आजोबा वाकून बघत होते, त्यांच्या मानेवर घाम. मग त्यांनी संगीताला विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठं आहे? तो गिरणीमागं होता, थंडीत कोरडा पडलेला, मातीला भेगा. कारखान्यात त्यांनी हे कितीदा केलं असेल. अर्थिंगची माती ओली नसली की गाडी वीज घेत नाही, म्हणाले, आणि मिठाची पिशवी आणि पाणी मागितलं. संगीतानं एक बादली ओतली, त्या बाईनं दुसरी, मी तिसरी. जमीन सूं सूं करत पाणी पीत होती. आम्ही सगळ्या जणी त्या केबलवरच्या दिव्याकडे बघत उभ्या होतो. आक्का बाजेवरून विचारत होत्या, "झालं का? झालं का?" कुणी उत्तर देत नव्हतं, कारण कुणाला माहीत नव्हतं. मग दिवा हिरवा झाला आणि त्या बाईनं मला, अनोळखी मला, पाठीवर थाप मारली.

लाईट होती तोवर गाडी भरत राहिली. संगीताला आम्ही एक भोपळा दिला. तो घेताना तिनं आढेवेढे घेतले, पण तिनं दिलेलं पीठ मात्र आम्हांला घ्यावंच लागलं. वजन पुन्हा होतं तेवढंच झालं. जालन्याला पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. चार्जर चालू होता. मी गाडीतून उतरून स्वतःच्या हातानं केबल लावली.

डोळ्याची पट्टी काढली तेव्हा मी आक्कांसमोर उभी होते. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काही गोड बोलतील. म्हणाल्या, "मास्तरीण, तू तर म्हातारी झालीस की गं." मग आजोबांकडे पाहून रडल्या. डॉक्टर म्हणाले, रडू नका, डोळा ओला करू नका.

तो एक डोळा. दुसरा या थंडीत करायचा असं तेव्हाच ठरलं होतं.

आणि आता थंडी आली आहे. हुरडेवाला बसला आहे. डॉक्टरांनी दिवस दिला आहे. आजोबा मात्र पलंगावर आहेत. पाठीचा मणका सरकला, तुम्हांला बाबांनी सांगितलं असेल. चालू शकतात, बसू शकत नाहीत. गाडीत तर मुळीच नाही. पंधरा दिवस घरात त्यावर कुणी बोललं नाही. मी ताटं वाढत होते, औषधं देत होते, आणि आम्हां दोघांनाही कळत होतं की प्रश्न टेबलावरच ठेवलेला आहे. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, ड्रायव्हर पाठवू. आजोबा छताकडे बघत म्हणाले, "ड्रायव्हरबरोबर आक्का येईल?" मग मीच म्हटलं की मी जाते.

गाडी मला येते. भाजीला नेते, बँकेत नेते. चिकलठाण्याच्या विमानतळापुढं मी एकटी कधी गेलेली नाही. आता चार्जर वाढलेत. जिंतूरला दोन झालेत म्हणे, भोकरलाही एक. आता माझ्या नकाशावर चार्जर आणि माणसं दोन्ही आहेत, वेगवेगळ्या रंगांत. संगीताचा फोन आला होता. तिनं गिरणीबाहेर वेगळा पॉइंट काढून घेतला आहे, अर्थिंगही नवं केलं. रस्त्यावरचं कुणी कुणी थांबतं म्हणाली. "तुमचा डबा अजून ठेवलाय मामी," म्हणाली आणि हसली. तरीही मला झोप नीट लागत नाही. टक्क्यांची भीती आता कमी झाली आहे. खरी भीती होती ती आक्कांची. मुराळी म्हणून भावजय कधी कोणी ऐकलेली नाही. त्या नाही म्हणाल्या तर दुसरा डोळा राहिला, आणि त्यांचं नशीब एकदा ठरलं की संपलं.

काल मी फोन केला. आधी आजोबांच्या पाठीचं सांगितलं. मग म्हटलं, आक्का, मी येते तुम्हांला न्यायला.

"एकटी येतीस?"

"हो."

"लांब आहे."

"माहीत आहे."

मागं कोंबड्या ऐकू येत होत्या. मग त्या म्हणाल्या, "मग ये. पर गेल्या साली केलं तसं नको करू. दारात आलीस की हाक मार."

मी म्हटलं, आता तर तुम्हांला दिसेल मी.

"दिसंल. तरीबी हाक मार."

मी आयुष्यात कुणाच्या दारात उभी राहून हाक मारलेली नाही. मी आधी फोन करते, मग जाते, मग बेल वाजवते. वर्गातही मला कधी आवाज चढवावा लागला नाही. आज दुपारी आजोबा झोपले होते. मी अंगणात जाऊन गाडीत बसले, चार्जिंग पूर्ण झालंय का बघितलं, सगळ्या काचा वर केल्या आणि एकदा जोरात हाक मारून पाहिली. आवाज बरा आला.

तुमची आजी